सात नावं

दौलतगंजात माझं दुकान, आठ बाय सहा.
पाटीवर अजून 'खोगीर, लगाम, तंग' आहे,
पण येतात त्या शाळेच्या बॅगा,
चेन अडकलेल्या, तळाशी पेन्सिलीचा भुगा.
शेवटचं खोगीर शिवलं ते वरातीच्या घोडीचं,
त्याचेही पैसे अर्धेच आले.

गौतमी फोनवर सांगते, बाबा, इथं झाड नाही.
आगगाडी सकाळी निघते, दुपार होते,
बाहेर तेच गवत, जणू गाडी हललीच नाही.
मी विचारतो, मुरैन्याकडच्या बीहडासारखं?
ती हसते. बीहडात लपता येतं, बाबा.
इथं दोन कोसांवरचा घोडा दिसतो
आणि त्याच्या मागे नुसतं अस्मान.
त्यांचा शब्द अस्पान.
वाटेत कुणीतरी अक्षर बदलून घेतलं असेल,
दमलेला घोडा बदलतात तसं.
डॉक्टरला म्हणतात दारीगेर.
हे मी शेजारच्या भदौरियाला सांगणार नाही.

हिवाळ्यात उणे तीस.
ओला रुमाल बाहेर नेला तर पापडासारखा मोडतो.
जमिनीखाली कोळसा, वर बर्फ,
मध्ये हॉस्टेल, आणि हॉस्टेलात माझी पोर
कुकरची शिट्टी फडक्यानं दाबून भात शिजवते.

मे महिन्यात ती मैत्रिणीच्या गावी गेली.
मैत्रिणीचं नाव कार्लिगाश, म्हणजे पाकोळी.
पाकोळीच्या आजोबांचे साठ घोडे,
बुटके, झिपरे, रागीट डोळ्यांचे.
हिवाळ्यात खुरानं बर्फ उकरून
खालचं गवत स्वतः काढून खातात.
आमच्याकडे घोड्याला हरभरे भिजवून द्यायचे,
तेही वेळेवर.

आजोबांच्या वडलांच्या लहानपणी
सरकारनं सगळी जनावरं मोजून नेली.
मग माणसं मोजायची वेळ आली.
हे सांगताना म्हातारा टोपी काढून मांडीवर ठेवतो.
गौतमीनं एवढंच लिहिलंय.

रात्री अकराला फोन.
बाबा, पटकन सात पूर्वजांची नावं सांगा,
सगळे ताटावर थांबलेत.
तिथं लहान पोरांनाही ती पाढ्यासारखी पाठ असतात,
ज्याला येत नाहीत तो पोरका.
मी म्हटलं, एक मी, दिगंबर.
दुसरे मुकुंद. तिसरे यशवंत.
श्राद्धाला तीन पुरतात गं.
चौथे खंडोजी.
मग?
मग कुणीतरी लष्कराबरोबर दक्षिणेतून आला,
बैलावर कातडी, कमरेला आर.
त्यानं ज्यांची खोगिरं शिवली
त्यांची नावं चौकाचौकांत आहेत.
बाबा, मग?
मी म्हटलं, रेंज जातेय.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचं खोगीर उसवलं.
मी तिला कधी आर धरू दिली नव्हती.
तुझ्या हाती इंजेक्शनाची सुई शोभेल, म्हणायचो,
आणि ती गिऱ्हाइकांच्या बाकावर
जीवशास्त्र उघडून बसायची.
पण बघत होती म्हणजे.
दोन सुया, एक दोरा, मेण लावलेला,
समोरासमोर येणारी टीप.
व्हिडिओत तिचे हात दिसतात, तोंड नाही.
तिसरा टाका थोडा तिरका गेलाय.
म्हातारा वाकला,
टाका दातांत धरून ओढून बघितला
आणि काही बोलला नाही.
माझे वडील असंच करायचे.

कुणाबरोबर तरी पाकीट पाठवलंय तिनं.
आत करड्या पानांची वाळकी काडी.
झुसान म्हणतात, तिथं माळभर असतं,
परदेशी निघालेल्याच्या खिशात घालतात.
मी चुरगळून हुंगलं.
अगं, हा तर दवण्याचा भाऊबंद!
दर चैत्रात आई देवाला वाहायची तो.
जरा कडवट, जरा रानटी,
चुलत घराण्यातला असावा तसा.

काडी आता पाटीमागच्या खिळ्याला अडकवलीय.
सागरच्या काकांना फोन केला होता.
पाचवं नाव, म्हणाले, कुठल्याशा पोथीच्या
मागच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं होतं,
पोथी कुणी नेली ते बघावं लागेल.
बघा, म्हटलं.
समोर तिसरीतला एक पोरगा उभा,
बॅग पुढे करून, घाईत.