बाविसातले अठरा

डॉक्टरनं आठ हजार सांगितले होते,
वरची-खालची मिळून.
सात रस्त्याच्या दवाखान्यात तोंडात गुलाबी मेण कोंबून
माप घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

पण ऊन फार होतं
आणि कुंभारीकडची टमटम भरेना,
म्हणून अक्कलकोट रोडला येमूलच्या भंगारात शिरलो,
नुसता सावलीला.

मोडलेले माग पडले होते. धोटे, रूळ, फण्या,
टॉवेल विणून विणून थकलेलं लोखंड.
आणि त्यांच्यामागं, दोन उंच चाकांवर,
फासळ्या उघड्या टाकून बसलेलं
गवत ओढायचं दाताळं.

येमूलला ते काय आहे ठाऊक नव्हतं.
"कुठल्या तरी सरकारी कुरणातलं हो, लिलावात आलं.
लग्नाला कमान करा म्हणतेत लोकं."
मी वाकलो.
एकेक दात बोटानं वाजवत गेलो.
बावीस घरं, अठरा दात.
मग जिभेनं माझे मोजले. अकरा.
म्हटलं, हे आपल्यापेक्षा बरं हाय.

भाव भंगाराचाच लावला त्यानं,
एकशे ऐंशी किलो, एकोणचाळीसनं.
सात हजार वीस. वरचे वीस सोडले.
टेम्पोवाल्यानं नऊशे घेतले.
उरले शंभर, त्याचं ग्रीस.

सुगलाबाई दारातच म्हणाली, "दाखवा."
मी तोंड न उघडता टेम्पोकडं बोट केलं.
"यप्पा!"
त्यानंतर तीन दिवस
भाकरी कुस्करून मिळाली नाही.

चाकं रात्रभर तेलात होती.
सकाळी आधी कण्हली, मग हलली.
वळसंगच्या दस्तगीरनं दोन पाइप जोडून दिले,
कारण जोडीतला एकच बैल राहिलाय आता.
बसायच्या लोखंडी पाटीवर अक्षरं होती.
श्रीशैलनं चिंच लावून घासली, तीनच लागली त्याला.
बाकीची कुणाच्या तरी बुडानं
झिजवून टाकलेली.

दिवाळी सरल्यावर माळाचा तुकडा कापला.
पवन्या, मारवेल, आणि धोतरातून मांडीला भिडणारं कुसळ.
पाटीवर बसलो. बैलाला हाक दिली.
मागं खर्रर्र असा आवाज,
चाळीस वर्षं हातानं ओढलेलं गवत
आपल्याआपण गोळा होत येण्याचा.
पायाशी कळ आहे. दाबली की सगळे दात एकदम वर,
आणि खाली गवताची ओळ,
गंधाच्या बोटासारखी आडवी.

फक्त डावीकडं, जिथं तीन दात शेजारशेजारचे गेलेत,
तिथं एक पट्टी सुटत होती.
मागून येणारी सुगलाबाई ती वेचता वेचता बोललीच,
"तुमच्यासारखंच हाय हे.
चावतंय कमी, सांडतंय जास्त."
तीन दिवसांनी बोलली होती.
मी मुद्दाम मागं पाहिलं नाही.

संध्याकाळी म्हाळाप्पा मेंढरं घेऊन आडवा गेला.
तिनं कंटाळून सोडलेल्या पट्ट्या
उन्हात पिवळ्या पडल्या होत्या.
"आमच्यासाठी ठेवलासा व्हय?"
मी म्हटलं, हां.
खोटं बोलायला दात लागत नाहीत.
मेंढरं ओळीनं चरत गेली,
जणू कुणी आखून दिलं होतं.

डब्यात आता पुन्हा बाराशे जमलेत.
दस्तगीर म्हणतो, ट्रकच्या पाट्याचे
चारी दात बसवतो, तीनशेला एक.
सुगलाबाई डबा उघडते, मोजते, झाकण लावते.
कुणाचे आधी, ते विचारत नाही.
ताटलीत भाकरी कुस्करते,
वर दूध ओतते, साय माझ्या बाजूला सारते.

गोठ्यात म्हैस त्याच गवताचा रवंथ करते आहे.
अंधारात एवढाच आवाज.
तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच.
हे मला लहानपणापासून ठाऊक होतं,
पण कुणाला सांगावं असं
आजच वाटलं.