हात ठेवून पाहणं

सहा आठवडे निनादच्या तोंडी एकच जप,
ग्राफिक्स कार्ड.
मला आधी ते वाचनालयाचं वाटलं.
मग रॅम, मग स्क्रीन सेकंदाला किती वेळा पापणी मिटते
त्याचा आकडा.
चौदा वर्षांचं पोर, आणि चेहरा
सोन्याचा भाव सांगणाऱ्या सराफाचा.
जमवलेले सातशे पौंड. त्यातले दीडशे त्याचे,
शेजारच्या मिसेस एन्टविसलचा कुत्रा
वर्षभर पावसात फिरवून मिळवलेले.

पहिला विक्रेता भेटला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये.
डिकी उघडी, इंजिन चालूच.
"अगदी नवा आहे, लव्ह, जेमतेम वापरलाय."
कीबोर्डवरचे डब्ल्यू आणि डी
झिजून पार गुळगुळीत.
"सुरू करून दाखवता?"
"बॅटरी उतरलीय."
"चार्जर?"
"घरी राहिला."
"पावती?"
तो वर बघायला लागला,
जणू पावती आभाळातून पडणार होती.
प्रेस्टनमध्ये आभाळातून एकच गोष्ट पडते.
निनाद माझी बाही ओढत होता,
आई, पाचशेच म्हणतोय, पाचशे.
मी म्हटलं, चल.
बसमध्ये तो बोलला नाही. घरीही नाही.

माझे वडील इचलकरंजीत माग दुरुस्त करायचे.
चालत्या मागाच्या लोखंडावर तळहात ठेवून
डोळे मिटायचे थोडा वेळ,
आणि सांगायचे, बेअरिंग गेलंय.
किंवा, याला काही धाड भरलेली नाही,
मालकालाच नवा माग घ्यायचाय.
वॉर्डात रात्रपाळीला मीही तेच करते.
मॉनिटर काय म्हणतो ते बघतेच,
पण आधी हात.

ऑर्मरॉडचं दुकान बाजारामागच्या गल्लीत,
चाव्या करणाऱ्याला लागून.
पाटीतला एक दिवा गेलेला.
जगाची यंत्रं नीट करणाऱ्याची स्वतःची पाटी अर्धी काळी,
हे बघून का कोण जाणे, मला बरं वाटलं.
आमच्या घरचा पंखाही कायम बंदच असायचा.

त्याने गुणांच्या आधी दोष सांगितले.
उजवी बिजागरी बदललीय, मीच बदललीय.
बॅटरी दोन तास, वर एक मिनिट नाही.
झाकणावरचा ओरखडा जायचा नाही.
"आणि तो," निनादचे डोळे जिथे अडकले होते
त्या लाल दिव्यांच्या महागड्याकडे मान करून,
"तो विकायला मला आवडेल. पण नका घेऊ.
दिसायला वाघ, अर्ध्या तासात धापा टाकतो."

मी विचारलं, हा तासभर चालवून बघू?
त्याने खुर्ची पुढे केली.
निनादने काहीतरी जड लावलं,
जळतं शहर, छपरांवरून उड्या मारणारी माणसं.
पंखा घुमू लागला.
मी बिजागरीपाशी तळहात ठेवला, डोळे मिटले.
ताप होता, पण कामाचा,
आजाराचा नव्हे. श्वास एका लयीत.
डोळे उघडले तेव्हा ऑर्मरॉड माझ्या हाताकडे बघत होता.
काही म्हणाला नाही.
मग कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं,
सहा महिने. काही झालं तर इथे या.
सोमवार सोडून मी इथेच असतो.

सहाशे वीस. आयुष्यात पहिल्यांदा
घासाघीस केली नाही.
बसमध्ये वाटलं, सहाशे तरी म्हणायला हवं होतं.

आज साडेसातला पाळी संपवून आले.
निनाद झोपलेला, पांघरूण नाकापर्यंत,
शाळेचा गणवेश खुर्चीवर, संशय यावा इतका नीट.
टेबलावर लॅपटॉप मिटलेला.
मी कोट न काढताच
झाकणावर हात ठेवला.
चांगलाच गरम.
पडदा सरकवला, आणि वडिलांच्या आवाजात म्हटलं,
बेअरिंग गेलंय.
पांघरुणातला एक डोळा उघडला,
लगेच मिटला.