एक दिवसाआड

नर्मदा येते पहाटे चार दहाला, एक दिवसाआड.
घाट चढून आलेली असते,
लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत आधी तिची हवा पोचते.
नळ खोकतो, थुंकतो,
बादलीच्या तोंडाशी दोनदा फुसफुसतो
आणि मग पाणी.

हे आवाज मला पाठ आहेत.
टाकीतला फुगा भरत आला की थरथरतो,
म्हशीने नाक फुरफुरावं तसा.
मोरीतला नळ शिट्टी घालतो, म्हणजे चकती झिजली.
ती मी बदलते. पान्हा माझा स्वतःचा आहे,
पिठाच्या डब्यावर ठेवलेला असतो.

पण दिवाळीपासूनचा हा आवाज निराळा.
ठोका. एकच. कधी लागोपाठ तीन.
ओट्यावरच्या भिंतीत, मसाल्याच्या फळीमागे,
की शेवेच्या बरणीचं झाकण वाजावं.
मी मुख्य कॉक अर्धा फिरवून पाहिला.
सगळे नळ उघडून लाईन रिकामी केली, हवा काढली.
स्टीलचा पेला भिंतीला लावून, त्याला कान लावून
मध्यरात्री उभी राहिले, नाईट गाऊनवर स्वेटर घालून.
माझ्याकडचा एकही नळ चालू नव्हता,
तरी ठोका.

कय्यूम भिया आला, विडी बाहेर विझवून.
भिंतीवर बोटाची पेरं आपटत गेला
कलिंगड पारखावं तसा.
म्हणाला, "दीदी, आवाज इधर है, बीमारी इधर की नहीं.
कोई उधर नल झटके से बंद कर रिया है.
दौड़ता पानी एकदम रुकेगा तो सिर तो मारेगा ना."

उधर म्हणजे दिगू.
अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर मोजून घेतलं
फुटाफुटाने, वकिलाच्या टेपने.
जिना त्याला, गच्ची मला, मीटर दोन, फाटकं दोन.
वाटणीपत्राच्या सातही पानांत
पाण्याच्या लाईनीचा शब्द नाही.
नानांनी टाकलेला लोखंडी पाइप
भिंतीतून कुठून कसा वळतो, ते नाना सांगून गेले नाहीत,
आणि भिंत फोडायला दोघांची सही लागली असती.

कय्यूमने माझ्या जुन्या चपलेचा रबर कापला,
सैल झालेल्या क्लॅम्पखाली कोंबला, स्क्रू आवळले.
दीडशे रुपये घेतले.
ठोका निम्मा झाला.
"बाकी का आधा बोलने से जाएगा, दीदी,
औजार से नहीं."

दोन पाणी-दिवस मी ऐकत राहिले.
चार वीसला तो उठतो, हे मला आता कळलं होतं.
चार पंचविसाला तोंड धुतो.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग एकच भांडं घासल्याइतकं पाणी.
वहिनी गेल्याचं मला गल्लीतून कळलं होतं,
मी गेले नव्हते.

तिसऱ्या खेपेला, अंधारातच,
त्याच्या फाटकाची कडी वाजवली.
तो हातात झारा घेऊन आला, अर्धा चष्मा नाकावर.
एवढ्या वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं होतं मी,
आंघोळ करताना, रिक्षात, कोर्टाच्या बाकावर;
तोंडून निघालं,
"दिगू, नळ जरा हळू बंद करत जा."

तो बघत राहिला.
आतून पाणी चालू असल्याचा आवाज येत होता.
"नवा बसवलाय," म्हणाला, "अर्ध्या फेरीत बंद होणारा.
हात दुखतो ना, जुना फिरवत नव्हता."
मग,
"तुझ्याकडे वाजतं?"

"वाजतं."

"कधीपासून?"

मी दिवाळी म्हणाले.
तो आत गेला, नळ बंद करायला.
मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते:
धार बारीक झाली, आणखी बारीक झाली,
मग थेंब,
मग एक थेंब,
आणि भिंत काही बोलली नाही.