हवा कुठून जाते

चाळीस हजार दोनशे.
नंदनवनातल्या नववीच्या पोरांना
दोन वर्षं बीजगणित शिकवलं
की एवढेच उरतात.

वहीच्या शेवटच्या पानावर यादी. पेन्सिलीनं,
कारण भाव रोज हलतात.
प्रोसेसर सहा कोरचा;
त्याच्या वर आठ कोरचा, खोडलेला,
खोडूनही नीट वाचता येणारा.
रॅम सोळा. एकच पट्टी नको, आठ-आठच्या दोन.
मॉनिटर जुनाच, कोपऱ्यात एक हिरवी रेघ आहे,
ती आता घरचीच झाली आहे.

सीताबर्डीत, दुसऱ्या माळ्यावर,
लांजेवार विचारतो, "ताई, भावासाठी घेऊन राहिल्या का?"
मला भाऊ नाही.
"माझ्यासाठी," म्हटल्यावर तो एकदम
काचेचं कॅबिनेट पुढं करतो,
आत सात रंगांचे दिवे पळताहेत,
लग्नाच्या मांडवासारखे.

बाबा मागं उभे.
पाचपावलीत कूलर दुरुस्त करतात ते,
मेमध्ये त्यांना जेवायला फुरसत नसते,
आज तीन गिऱ्हाइकांना "संध्याकाळी येतो" सांगून आलेत.
यातलं त्यांना काही कळत नाही
असं मी येताना ऑटोत ठरवून टाकलं होतं.

ते कॅबिनेटच्या काचेपुढं तळहात धरतात.
"याच्यात हवा कुठून जाते?"
"काका, पण दिसते कसं भारी!"
"दिसते तं. नागपूरचा मे पाह्यला का यानं?"

मग एक काळं, जाळीचं, बिनदिव्याचं, ओबडधोबड.
आठशेनं स्वस्त.
ते आठशे मी मनातल्या मनात
खोडलेल्या आठ कोरकडे वळवत होते,
तेवढ्यात बाबांचं बोट वहीवर:
"हा सप्लाय इतका सस्ता काऊन लिवला?"
"त्यानं गेम फास्ट होत नाही, बाबा."
ते काही बोलत नाहीत.
नुसता उजवा अंगठा चोळतात,
जिथं धंतोलीतल्या एका कूलरचा
तीनशे रुपयांचा पंप जळाला होता
तिथली कातडी अजून पांढरी आहे.
मी पेन्सिल मागून घेतली.
सप्लाय बदलला. आठ कोर खोडलेलाच राहिला.

ग्राफिक्स कार्ड नवं परवडतच नव्हतं.
त्रिमूर्तीनगरात पीयूष हेडाऊनं दार उघडलं,
खांद्यावर दीड महिन्याची मुलगी.
त्याच्या मशीनवर मी एक मॅच खेळून पाहिली,
आवाज बंद करून. हरले. कार्ड चांगलं होतं.
"विकता काऊन?" बाबांनी विचारलं.
"रात्रभर जागायला आता दुसरं काम आहे, काका."
खोका सापडेना,
म्हणून त्यानं कार्ड दुपट्यात गुंडाळून दिलं, पिवळ्या,
बदकांच्या.
"दुपटं तेवढं परत आणून द्या. तिचं आवडतं आहे."

रात्री फरशीवर सगळं मांडलं.
कूलर बंद, त्याचे तुषार बोर्डावर नकोत,
आणि खोलीत नुसती भट्टी.
घाम टपकू नये म्हणून
बाबांनी माझ्या कपाळाला रुमाल बांधला,
स्वतःच्या कपाळाला दुसरा.
पेस्ट वाटाण्याएवढी.
स्क्रू कमी पडले दोन,
ते कूलरच्या डब्यातले बसतात का बघितलं. नाही बसत.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.
पुन्हा. काळा.
दोन वर्षांचं बीजगणित
पोटात गोळा होऊन बसलं.
"ते पट्ट्या जोरात बसवल्या का तू?"
"तुटतील ना, बाबा."
"दाब. टक् आवाज आला पायजे."
एक टक्.
दुसरा.

उजेड आला, हिरव्या रेघेसकट.
बाबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही.
ते मागच्या बाजूला जाऊन बसले,
जाळीपाशी तळहात धरून,
बराच वेळ.
"येऊन राहिली," म्हणाले. "गरम. बरोबर आहे."

मग त्यांनी कूलर लावला, तोंड दाराकडे वळवून.
मी दुपटं धुतलं, गॅलरीत टाकलं.
गेम चार टक्के उतरला होता
तोवर ते वाळलंसुद्धा.