तिसरं प्रूफ

शालेय अ‍ॅटलास, पान एकेचाळीस.
ऑफिसात हे नाव कुणालाच धड उच्चारता येईना,
म्हणून ते माझ्या टेबलावर आलं:
श्लेस्विग-होल्स्टाइन.
जर्मनीच्या डोक्यावरचा चिंचोळा तुकडा,
डावीकडे एक समुद्र, उजवीकडे दुसरा,
वर डेन्मार्क, खाली एल्ब नदी.
पश्चिमेला गाळाची सपाटी, मधे रेताड माळ,
पूर्वेला टेकड्या नि तळी.
तीन पट्टे, तीन हिरवे. सोपं काम.

प्रूफ घेऊन माझगावला घरी आले.
तळमजल्यावरचे शमसुद्दीन पांगारकर,
छत्तीस वर्षं बोटीवर, शेवटची अकरा सारंग म्हणून,
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले.
मग कालव्याच्या निळ्या रेघेवर नख टेकवलं.
"इथनं किती वेळा गेलो, मोजलं नाही.
ह्या समुद्रातनं त्या समुद्रात, शंभर किलोमीटर,
दोन्ही अंगांना गाई.
बोट कुरणातनं चालल्यासारखी वाटते, बाय."

नदीच्या काठी, म्हणाले, एक ठिकाण आहे,
येणाऱ्या बोटीला तिचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात.
आमच्या बोटीवर बावटा पनामाचा.
पनामाचं वाजलं.
आम्ही एकवीस जण, सगळे दापोली-मंडणगडचे,
डेकवर टोप्या काढून ताठ उभे.
"उभं तर राहायलाच हवं.
आपल्यासाठीच वाजवत होते ना?"

पश्चिम किनाऱ्यालगत बारीक ठिपके होते.
शाईचे डाग समजून मी ते खोडणार होते.
"थांब. बेटं आहेत ती.
मातीचा उंचवटा, त्यावर घर, गोठा, सगळं.
वादळात कुरण बुडतं, उंचवटे तेवढे उरतात.
माणसं चारी खिडक्यांतनं समुद्र बघत बसतात."
साडेसहाशे वर्षांपूर्वी एक अख्खं गाव गेलं,
देऊळ-बाजारासकट, एका वादळात.
पाण्याखालून घंटा ऐकू येते म्हणतात.
"तुम्ही ऐकली?"
"इंजिनाच्या आवाजात? छे!"

उरलेल्यांनी बांध घातले,
समुद्राकडून वीतवीत जमीन मागून घेतली,
बांधावर मेंढ्या सोडल्या, खुरांनी माती दाबली जाते म्हणून.
आणि दर पिढीला पाण्याची भीती शिकवली.
आम्हीही भर घातली, सात बेटं एक केली;
पायधुणी, उमरखाडी अशी नावं तेवढी ठेवली
आणि पाणी विसरून गेलो.

इतिहासाची चौकट पन्नास शब्दांची.
राजा डेन्मार्कचा, प्रजा निम्मीअधिक जर्मन बोलणारी.
दोन्ही मुलूख कायम एकत्र राहतील असं जुनं वचन,
त्या वचनावरून दोन लढाया, मग प्रशियाचा अंमल.
शेवटी एकोणीसशे वीस साली गावोगाव मतपेट्या:
तुम्ही कुणाचे?
उत्तरेकडचे म्हणाले डेन्मार्कचे, त्यांच्या खालचे म्हणाले जर्मनीचे.
रेघ त्या दोघांच्या मधून गेली.
काटछाट करून सेहेचाळीस शब्द झाले.
चार शिल्लक.

माझं आजोळ निपाणी.
आमच्याकडे नुसती रेघ आली,
मतपेटी आली नाही.
मामाच्या तंबाखूच्या दुकानावर वर कानडी पाटी,
खाली मराठी, जरा बारीक अक्षरात.
दर दिवाळीला तो मराठी तेवढी नव्याने रंगवतो.
हे सांगितलं तर पांगारकर बराच वेळ
नकाशाकडेच बघत राहिले.
मग म्हणाले, "त्या रेघेच्या वर जर्मन शाळा आहेत,
खाली डॅनिश. एका पायलटने सांगितलं होतं.
त्याची पोरगी रोज डॅनिशमध्ये गणित करायची,
घरी येऊन जर्मनमध्ये भांडायची."

रात्री चौकटीत उरलेले चार शब्द भरले:
दोन्ही बाजूंना दोन्ही शाळा.
सीमारेषा जरा जाड छापली गेली होती.
समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, बारीक करा.
आणि किनाऱ्यापाशी बाण काढून:
हे डाग नाहीत. असू द्या.