तिसरा टेक

नॅशव्हिल, एकसष्टचा ऑगस्ट.
पंखा बंद, माइकला ऐकू जातो म्हणून.
वर्ना क्रॅबट्रीला सातवा महिना;
गिटार पोटापुढे मावेना,
तेव्हा कडेवर घेतल्यासारखी धरलेली.

तिसऱ्या टेकला, ‘घर’ या शब्दावर
आतून लाथ बसली
आणि सूर हलला.
काचेपलीकडून ड्यूई म्हणाला, राहू दे.

तीच बाजू चालली. मागची.

पुढं चाळीस वर्षं
जत्रांत, गुरांच्या लिलावात, चर्चच्या तळघरात
लोक त्या कंपासाठी थांबायचे
आणि ती तो आणायची,
नेमका तिथंच,
रिकाम्या पोटानं.

लाथ मारणारा आता
हॅझार्डजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करतो.
रेडिओवर गाणं लागलं तर
पाना हातातच राहतो.
इथं आई जरा घसरलीच,
म्हणतो,
आणि नट आवळतो.