यंत्राला घोंगडं

हुद्दार सर फळ्यावर तुटक रेघांची चौकट काढत
आणि म्हणत, आधी सीमा आखून घ्या,
मग आत काय येतं, बाहेर काय जातं, बघू.
बेळगावच्या वर्गात ‘सीमा’ म्हटलं की
मागच्या बाकावर कुणीतरी खोकायचंच.
सर थांबत. खडू झटकत.
‘ही उष्णतेची आहे रे. हिच्यावर पाटी नसते.’

पहाटे तीनला फिलोमिना सिस्टरचा फोन.
पाणी गार. दोन बाळंतिणी. एक आत्ताच मोकळी झालेली.
उद्यमबाग ते खानापूर, मोटरसायकल, जानेवारी.
हातमोज्यांतून थंडी आत शिरत होती
(चुकलं. सर असते तर ओरडले असते.
थंडी शिरत नाही, ऊब निघून जाते.)
मच्छे ओलांडेपर्यंत माझी बरीच गेली होती
रस्त्याकडेच्या उसाला, मैलाच्या दगडांना,
कुणाकुणाला, कोण मोजतंय.

प्रसूतिगृहाच्या गच्चीवर हीट पंप.
त्याच्यावर घोंगडं,
चारी टोकं सुतळीनं आवळलेली,
कान बांधलेल्या म्हाताऱ्यासारखा.
आत कॉइलवर बोटभर बर्फ.

भरमाण्णा वॉचमन नुसत्या स्वेटरवर, दात वाजवत:
‘रात्री हात लावून बघिटलो की.
लई गार पडलंतं बिचारं.
थरथरत होतं गा.
म्हटलं माझं काय, बिडीवर निघती रात्र.’

काय सांगणार.
की गार असणं हेच त्याचं काम.
त्याच्या नळीतलं द्रव शून्याखालीही उकळतं,
हवेहून खाली जाऊन बसतं,
म्हणून तर एवढ्या थंडीतसुद्धा हवा
त्याच्या ओंजळीत काहीतरी टाकते.
ऊब उतारानं जाते, ओढ्यागत, आपसूक.
चढावर न्यायची तर हमाल लागतो.
कॉम्प्रेसर हमालच. एका युनिटच्या मजुरीवर
तीन युनिटं ऊब टाकीपर्यंत पोचवतो,
आणि खाली मीटर फिरत राहतो.
घोंगडं ऊब देत नाही, भरमाण्णा, असलेली धरून ठेवतं.
याच्याकडं धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

एवढं बोललोच नाही.
म्हटलं, ‘वारं लागतंय त्याला.’
‘ह्या थंडीत?’
‘ह्या थंडीतलंच.’

उलटी फेरी लावली.
टाकीत उरलीसुरली ऊब होती ती वर मागवली,
बर्फ सुटला, पन्हळीतून टपटपला.
हे करताना मी दर वेळी ओशाळतो.
घरातलं विकून दाराचं कुलूप सोडवायचं.

एन्ट्रॉपी म्हणजे काय, चार ओळी, चार गुण.
तेव्हा मी पुस्तकातलं लिहिलं होतं.
आज लिहिलं असतं:
पाचशेची नोट मोडा,
रविवारच्या बाजारात पाच-पाच रुपये
शंभर खिशांत टाका.
बेरीज पाचशेच.
पण जा, आता बकरं घेऊन दाखवा.

साडेसहाला पाणी पन्नास अंशांवर आलं.
सिस्टरनी बादली भरली, वाफ खिडकीतून गेली,
जिथून काढली होती त्याच हवेत,
वर आमच्या मजुरीचं व्याज घेऊन,
आणि हवेला काही कळलं नाही.
आत कुणीतरी एवढुसं, नव्या आवाजात, तक्रार करत होतं.

घोंगडं ओलं, कठड्यावर.
भरमाण्णा दिसेना. टाकीमागं सापडला.
टाकीचं कवच एका जागी वीतभर उसवलंय,
तिथून ऊब गळते; तो नेमका तिथं
पाठ लावून बसला होता, डोळे मिटून.

सर, चौकट आखताना
हा माणूस आत धरायचा की बाहेर?

वहीत लिहिलं: कवच दुरुस्ती, वीतभर, तातडीची.
मग ‘तातडीची’ खोडलं.
सिस्टरना म्हटलं, सामान नाही आज,
मार्चमध्ये येतो.